दुःखाचं आवतण

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा मी जर्मनीत होते. एका सत्रासाठी तिकडच्या विद्यापीठात शिकायला गेले होते. सकाळी काकांचा फोन आला. मी गावी, झरीला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. "आत्ता येऊन काय करतीस? परीक्षा दे. अण्णाला तेच पाहिजे होतं," काका म्हणाले. आईही तेच म्हणाली. मी राहिले.

वसतिगृहात आमच्या मजल्यावर सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर होतं. माझ्या शेजारच्या खोलीतली पोलंडची मुलगी तिथं चहा करत होती. तिला मी सांगितलं. तिनं माझ्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं, पण माझं दार कुणी वाजवलं नाही. दाराखालून एक कार्ड तेवढं आत सरकलं, त्यावर पांढरी फुलं छापलेली. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं आणि जो तो आपापली ताटली घेऊन खोलीत निघून जायचा. परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या बाईंनी मला समजावलं, "ते तुला एकांत देताहेत. इथं हा आदर असतो."

असेल. मला तो नको होता.

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. गल्लीतल्या बाया पिठलं-भाकरी घेऊन येतात, भोवती बसतात आणि तुमच्या पोटात चार घास गेल्याशिवाय हलत नाहीत. कडू घास म्हणतात त्याला. लहानपणी मला त्या गर्दीचा वैताग यायचा, मी पुस्तक घेऊन वर माळवदावर जाऊन बसायची. आता त्या खोलीत बिस्किटांवर दिवस काढताना मला त्याच बाया हव्या होत्या. अण्णांसाठी मी बंद दाराआड एकटीनं रडायचं, हे मला कबूल नव्हतं.

काकांना फोनवर सांगितलं, इथं कुणी येत नाही, तर मीच बोलावते.

"येडी का काय तू? दुःखाचं कुणी आवतण देत असतं व्हय? लोक काय म्हणतील?"

"इथले लोक काहीच म्हणत नाहीत काका. तेच तर दुखणं आहे."

मी स्वतःहून कुणाचं दार वाजवणारी नव्हे. त्या दिवशी वाजवली, एकामागून एक. प्रत्येक दारात तेच बोलले, "माझे वडील गेलेत. आमच्यात अशा वेळी शेजारी जेवण आणतात आणि सोबत बसतात. माझे शेजारी तुम्हीच आहात."

कोपऱ्यातल्या खोलीतला जर्मन मुलगा क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "किती वाजता?"

"सात वाजता माझ्या खोलीत ये."

"आणि किती वेळ?"

"मी जेवेपर्यंत."

सगळे आले नाहीत. ती पोलंडची मुलगी उकडलेले बटाटे घेऊन आली, तो जर्मन मुलगा पाव घेऊन आला. आणखी दोघं रिकाम्या हातांनी आले आणि दाराशी अवघडून उभे राहिले. मी सगळ्यांना खाली जमिनीवर बसवलं.

"आता काय करायचं?" मुलीनं विचारलं.

"बसायचं."

बराच वेळ आम्ही नुसते बसून होतो. मग त्या मुलानं एकदम विचारलं, "रागवायचे का ते?"

मला हसू फुटलं. हसता हसताच रडू आलं, फोन आल्यापासून पहिल्यांदा. "लय रागवायचे," मी मराठीतच म्हणाले, आणि मग त्यांना कळेल अशा भाषेत सांगत सुटले. कुणी भरल्या ताटावरून उठलं की अण्णा घर कसं डोक्यावर घ्यायचे, हे ऐकून त्या मुलीनं बटाट्यांची ताटली माझ्यापुढं सरकवली. "मग उठू नकोस," ती म्हणाली. बटाटा अळणी होता. मी खाल्ला. खाऊन होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

सत्र संपवून गावी आले, तर काकू पिठल्याचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. "बाई, तिकडचं काई खरं न्हाई. ना आपल्यातलं माणूस, ना रीत. आता इथं नीट घे कडू घास."

काका मागं उभे होते, माझ्या तोंडाकडे बघत. गल्लीतल्या बायाही जमल्या होत्या.

मी ताट घेतलं आणि भाकरी मोडली.

"भूक लागलीय म्हणून जेवते, काकू," मी म्हणाले. "कडू घास माझा झालाय."