टेबलाचा आकडा

सावद्याजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये मी कामाला जाते. घड आले की फण्या सुट्या करायच्या, हौदात धुवायच्या, डागी बाजूला काढायच्या आणि चांगल्या खोक्यात भरायच्या. खोकं भरलं की काट्यावर ठेवून गळ्यातलं कार्ड मशीनला टेकवायचं. मग ते खोकं आपल्या नावावर पडतं. हे मशीन आलं तेव्हा मला त्याची फार धास्ती वाटायची, पुढे सवय झाली.

आमच्या टेबलावर सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी एक मुलगी आहे. ही गोष्ट घडली तेव्हा तिला दिवस गेले होते. खोकं उचलताना तिला जड जायचं. मालकाच्या कानावर गेलं तर घरी बसवतील, ही तिची भीती. म्हणून मी आणि माझ्यासमोर उभी राहणारी अक्का, आम्ही दोघी आपण भरलेली काही खोकी काट्यावर ठेवून तिचं कार्ड टेकवायचो. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं. त्याआधी माझा हात भाजला होता, तेव्हा माझ्या कार्डावरही अशीच खोकी पडत गेली होती.

मालकांना सगळे नाना म्हणतात. माणूस वाईट नाही, पण मंदी आली की बाया कमी कराव्या लागतात. या वेळी त्यांनी मशीनचे आकडे जळगावच्या एका ऑफिसला दिले आणि कमी काम करणाऱ्यांची नावं काढून मागितली. ते ऑफिस माझ्या सुनेचं निघालं. धंद्याचे आकडे बघून त्यातून काय अर्थ निघतो, ते सांगायचं तिचं काम. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते.

जेवताना तिने मला सांगितलं की तुमच्या पॅकहाऊसचं काम माझ्याकडे आलं आहे, आणि माझ्या सासूबाई तिथे आहेत हे मी साहेबांना आणि नानांना आधीच कळवलं आहे. सांगायची काय गरज होती, असं मनात आलं. गुपचूप राहिली असती तर माझं नाव जरा वर सरकवता आलं असतं. मी तिला आणखी एक भाकरी वाढली. मी तशीही कमीच बोलते.

दुसऱ्या दिवशी टेबलावर अक्काने मला छेडलं. म्हणाली, "तुझी सून आता आपला पेपर तपासणार. घरी तिला चहा नीट करून देत जा." सगळ्या हसल्या. ती मुलगी मात्र हसली नाही. मीही नाही.

काही दिवसांनी सून लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. खालच्या नावांत मी होते आणि अक्का होती. मला वाटलं, आता सगळं संपलं. पण तिला त्या आकड्यांवर शंका होती. आम्हा दोघींचा आकडा ज्या दिवसांत खाली आला, त्याच दिवसांत तिसऱ्या एका कार्डाचा वर गेला होता, आणि पूर्ण टेबलाची खोकी मात्र होती तेवढीच होती. बाया अशा एकदम हळू कशा होतील, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. सांगावं तर त्या मुलीचं काम जाणार, न सांगावं तर माझं आणि अक्काचं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही मला काही सांगू नका. तुमच्याकडून कळलं तर ते घरातलं बोलणं होईल. मला ते तिथे जाऊन बघायला पाहिजे."

नानांची परवानगी काढून ती पॅकहाऊसला आली. दिवसभर काट्याच्या बाजूला उभी होती. माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसलीही नाही. तिची नजर काट्यावरच होती. तरी मी दोन खोकी त्या मुलीच्या कार्डावर टाकलीच. नाही टाकली असती तर सुनेला खोटंच दिसलं असतं.

संध्याकाळी नाना खुर्ची ओढून काट्याजवळच बसले. हौदाचं पाणी बंद झालं होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. सुनेने सांगितलं की मशीन कार्डं मोजतं, हात मोजत नाही. इथे बाया एकमेकींचं काम ओढतात. खालची नावं काढून टाकली तर जास्त काम करणारेच हात जातील आणि टेबल मागे पडेल. बाईगणिक आकडा खरा नाही, टेबलागणिक मोजा.

नानांनी विचारलं, कोण कोणाचं ओढतं? ती म्हणाली, ती नावं मी देणार नाही.

"पैसे मी मोजले आणि नावं तू ठेवून घेणार?" नाना म्हणाले. "का सासूबाईंना वाचवायला आलीस?"

माझे कान तापले. तिचा आवाज मात्र चढला नाही.

"तुम्हाला तसं वाटेल म्हणूनच पहिल्या दिवशी सांगितलं, नाना. माझ्यावर भरवसा नसेल तर ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. टेबलाचा आकडा तोच निघेल. पण एखाद्या बाईची अडचण मी तुम्हाला कागदावर लिहून देणार नाही. तुम्ही मला ते विचारलंही नव्हतं."

नाना खुर्ची मागे सारून उठले. मग म्हणाले, तपासून तर घेणारच. आणि खरंच घेतलं. सुनेच्या साहेबांनी दुसऱ्या माणसाला बसवलं. तेवढे दिवस ती घरी भाकरी थापतानाही फोन शेजारीच ठेवायची. नोकरी जाईल का, असं मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, जाऊ शकते.

दुसऱ्या माणसाचाही हिशेब तोच आला. नानांनी कोणालाच कमी केलं नाही. आता भिंतीवरच्या फळ्यावर टेबलागणिक खोकी लिहितात. कोणाला हलकं काम लागत असेल तर मला येऊन सांगा, असं नाना सगळ्यांदेखत म्हणाले. ती मुलगी आपल्या पायांनी नानांकडे गेली. तिला बसून स्टिकर लावायचं काम मिळालं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सोनगीरला विहीणबाईंना, म्हणजे सुनेच्या आईला, फोन लावला. मी स्वतःहून कोणाला फोन लावत नाही, त्यामुळे त्या घाबरल्याच.

"काय व्हयनं? पोरनं काही चुकनं का?"

पोरीचं काही चुकलं नाही, मी म्हटलं. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज मोठा झाला. सून आतून बघायला आली, कोणाशी भांडण चाललंय की काय म्हणून. मी तिला हाताने जा म्हटलं आणि बोलत राहिले.