फोटोतला आईचा हात

मंडळी, आज सकाळचा प्रसंग सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी प्रवासातले फोटो विक्रीसाठी वेबसाइटवर टाकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी वडिलांनी सत्तरच्या दशकात पाचगणीच्या पठारावर काढलेला एक फोटो स्कॅन केला. ते फौजेत होते. रजेवर आल्यावर नव्या नवरीला, म्हणजे माझ्या आईला, तिथं फिरायला घेऊन गेले होते.

फोटोवरचे ओरखडे काढले, तिरकं क्षितिज सरळ केलं. आईच्या हनुवटीपुढं तिचा हात हलून पुसट आला होता. हललेला फोटो वेबसाइट परत पाठवते, म्हणून हातही काढला. कॉम्प्युटरनं मागची हनुवटी बेमालूम भरून दिली.

फोटोत माणूस ओळखू येत असेल तर त्याची लेखी संमती लागते. फॉर्म घेऊन आईकडे गेलो.

तिनं फोटो निरखून बघितला. "माजा हात कुठं गेला रं?"

"हलला होता आई. दुरुस्त केला."

"हलला न्हवता. मी हातानं नगं म्हनत हुते. दुसऱ्या दिवशी ह्यांची रजा संपत हुती, रडून डोळं सुजलं हुतं. ह्यांनी ऐकलं न्हाई."

"म्हणून तर मी विचारतोय."

"हात काढून झाल्यावर इचारतोयस व्हय?"

हात मी परत आणलाय. फॉर्म कोराच आहे.

तुमच्याकडेही हललेला म्हणून बाजूला टाकलेला एखादा फोटो असेल. तो आज पुन्हा बघाल का?