पुंडलिकले काय आवडते

फोन सुमनवहिनींचा होता, पुंडलिकच्या बायकोचा. सकाळचे साडेसात वाजले असतील. मी अंगणात पेपर उघडून बसलो होतो आणि चहा अजून यायचा होता. वहिनी "भाऊजी" एवढंच म्हणाल्या. मागे मोटारपंपाची घरघर ऐकू येत होती. मी दोनदा "बोला" म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मोटर बंद करा लागते. माह्या हातानं होऊन नाही राह्यलं. पानी मेथीतून रस्त्यावर चाललं." मला वाटलं, पुंडलिक कुठे बाहेर गेला असेल. "तो कुठं हाय?" मी विचारलं. "इथंच पायरीवर बसेल हायेत," त्या म्हणाल्या, "पन हायेत म्हनायलेच…" वाशीमहून मालेगावकडे निघालं, की शहर संपता संपता डाव्या हाताला पुंडलिकचं तीन एकरांचं भाजीचं रान लागतं. मी पोचलो तेव्हा तो मोटारीच्या खोलीच्या पायरीवर, भिंतीला पाठ टेकून बसलेला होता. पाणी सोडून दम खायला बसला असावा, आणि तसाच गेला. मोटर मी बंद केली. ती बंद झाल्यावर त्या रानात जी शांतता पसरली, ती गेल्या सात आठवड्यांत माझ्या कानांतून गेलेली नाही.

आम्ही पाचवीपासूनचे मित्र. मी पुढे शिकून वाशीमच्या कोर्टात कारकून झालो, तो वडिलांच्या मळ्यात राहिला. पुंडलिकला कुठल्याही गोष्टीबद्दल विचारलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "तू म्हनशील तसं." दहावीनंतर शिकावं की नाही, मी म्हणालो नको. लग्न कोणाशी करावं, मी माझ्या दूरच्या नात्यातली सुमन सुचवली. विहीर खोल करावी की बोअर घ्यावं, तेही माझ्याच ओसरीवर ठरलं. माझ्या शब्दाला मान देणारा मित्र म्हणून मी त्याचं चारचौघांत कौतुक करायचो. चहा गोड असो की फिका, तो पिऊन टाकायचा. कोणी तंबाखू-सुपारीचा खर्रा पुढे केला की चिमूटभर तोंडात टाकायचा. नाही केला तर मागायचा नाही. त्याला काय आवडतं, हे मला पंचेचाळीस-पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

माझा जावई अमोल जहाजावर इंजिनिअर आहे. चार वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी सिगारचा एक डबा आणला. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या जाडीच्या दहा-बारा सिगार होत्या. मी एक ओढली, खोकलो, आणि डबा कपाटात टाकला. पुढच्या शुक्रवारी तो पुंडलिकला दिला, जसं आपल्याला न होणारं स्वेटर आपण कोणाला तरी देतो तसं. शुक्रवारी तो बाजारात माल नेत नसे, त्यामुळे दुपारी चारला मी त्याच्या मळ्यात जायचो. निवृत्तीनंतरची ती माझी एकमेव ठरलेली वेळ होती. अमोलने सांगितलेलं मी त्याला सांगितलं… धूर छातीत घ्यायचा नाही, नुसता तोंडात फिरवून सोडायचा; काडी थेट लावायची नाही, जरा दूर धरून टोक गोल फिरवत पेटवायचं. पुंडलिकने डब्यातली सगळ्यांत जाड, सगळ्यांत काळी सिगार उचलली, कारण अमोलच्या मते ती सगळ्यांत भारी होती. त्या दिवशी त्याने जेवणच केलं नव्हतं. अर्धी होईतो त्याला घाम फुटला, आणि मग तो वांग्याच्या ओळीत जाऊन ओकला. मी म्हणालो, "फेकून दे डबा." तो तोंड धुऊन आला, खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले, आणि म्हणाला, "थांब ना गड्या. चूक तिची हाय का माही, ते तर पाहू दे."

त्या वाक्याने मी चमकलो होतो, हे आज आठवतं. पुढे त्याने जे केलं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. बियाण्याचा नवा वाण आला की तो जसा पारखायचा, तसंच त्याने सिगारचं केलं. "वान बदलला तं खत बदलायचं नाही," तो म्हणायचा. म्हणून वेळ तीच, दुपारची चारची. आधी पोटभर जेवण तेच, भाकर आणि वरण. जागा तीच, मोटारीच्या खोलीची पायरी. सोबत फक्त साधं पाणी. बदलायची ती नुसती सिगार. दीड-दोन महिन्यांत एक, त्याच्या वर नाही. मिनिटाला एक झुरका, आणि मधल्या वेळेत डोळे मिटून बसायचं. सुरुवात, मध्य आणि शेवट यांची चव वेगळी लागते हे त्याला तिसऱ्याच सिगारला समजलं. त्याला लिहायचा कंटाळा; मग तो बोलायचा आणि मी बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांच्या मागे लिहून घ्यायचो. त्यातली काही पाकिटं माझ्याकडे आहेत. "पयले गोड, पन खोटं गोड." "अर्ध्यावर भाजल्या भुईमुगाचा वास, मंग ओल्या बारदान्याचा." "शेवटाले कडू. अर्ध्यात ठेवली." अमोल दर सुट्टीला नवा डबा आणायचा, आणि एकदा आवडलेली सिगार पुंडलिक पुढच्या खेपेला पुन्हा ओढून पाहायचा, कारण एका तोड्यावरून वाण कळत नाही. एका उन्हाळ्यात सगळ्याच कडवट लागायला लागल्या. त्याने एक हातात धरून दाबली, ती पापडासारखी कुरकुरली. "हिची चूक नाही, उन्हाची हाय," म्हणाला, आणि डबा घरातल्या रांजणाशेजारच्या गारव्यात नेऊन ठेवला.

असं दीड वर्ष गेल्यावर एका शुक्रवारी त्याने मला सांगितलं, "गजू, जाड अन् काळी मले आवडत नाही. जावईबापू भारी म्हनतात म्हनून मी वढत होतो. मले हे बारीक, फिक्क्या पानाची आवडते. तेही अर्धीच." एवढंच. पण हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता, की मी पाकिटावर लिहायचं विसरलो. साठीला आलेला माणूस पहिल्यांदा "मले आवडते" म्हणत होता.

आणि मग ते सिगारपुरतं राहिलं नाही. चौकातल्या टपरीवर कोणी खर्रा पुढे केला, तर हा म्हणाला, "नाही, मले नाही आवडत." देणारा माझ्याकडे पाहू लागला. महिनाभराने सुमनवहिनी तणतणत माझ्या घरी आल्या. "भाऊजी, तुमी काय शिकवून राह्यले यायले? काल ताटावर बसले अन् म्हनतात, मले वांगं आवडत नाही. पस्तीस वर्सं झाले मी वांगं करून राह्यली, अन् हे खाऊन राह्यले!" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "म्हंजे पस्तीस वर्सं मी त्यायले नावडतं खाऊ घातलं का?" त्याने त्यावर काय उत्तर दिलं होतं, तेही त्यांनीच सांगितलं. "तू वाढत होती, मी खात होतो. मले तरी कुठं मालूम होतं?" पण ती बाई शहाणी. चार दिवस रुसली आणि मग रोज विचारू लागली, आज काय करू. तो विचार करून सांगायचा. असं करत करत दोघांना मिळून सापडलं, की पुंडलिकले आवडते ती अंबाडीची भाजी, कण्या घातलेली, वरून लसणाची फोडणी. बांधावर अंबाडी आपोआप उगवायची आणि तो ती आजवर उपटून टाकायचा. त्या वर्षी त्याने तिचा एक वाफा लावला. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. नव्या नवरदेवासारखा दाखवत होता.

गेल्या पावसाळ्यात भाकरीचा घास त्याच्या घशात अडकू लागला. आधी पाण्याने उतरायचा, मग पाण्यानेही उतरेना. अकोल्याला तपासणी झाली. अन्ननलिकेचा कॅन्सर. डॉक्टरांच्या टेबलासमोर मी पुंडलिकच्या आधी बोललो. "वर्षाला सहा-सात सिगार ओढायचा साहेब. धूर गिळत नव्हता. त्यानं झालं का?" डॉक्टर तरुण होते, कागद खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यानंच झालं असं सांगता येणार नाही," ते म्हणाले. मग कागद पुन्हा उचलून म्हणाले, "त्यानं झालं नाही, असंही सांगता येणार नाही." बाहेर आल्यावर पुंडलिक चप्पल घालता घालता म्हणाला, "तू कायले इचारलं ते? डबा तू देला, वढल्या मी." मला त्याच्या बोलण्याने बरं वाटायला हवं होतं. अजूनही वाटत नाही. रोज दाढी करताना डॉक्टरांची ती दोन वाक्यं मला ऐकू येतात. आधी पहिलं, मग दुसरं.

नागपूरला ऑपरेशन करायचं मी ठरवलं. तारीख घेतली, गाडी सांगितली, माझी बॅग भरली. नेहमीसारखं सगळं मीच ठरवलं. गाडी घेऊन मळ्यात गेलो तर तो सांबार तोडत बसला होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. जुड्या बांधता बांधता म्हणाला, "मी येत नाही, गजू." मला वाटलं, भ्याला. मी समजावलं, मग चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टरनं मले सांगितलं ना… पोटातून नळी, अन् जगनं सहा महिने, आठ महिने. ते मले नाही पायजे. मले इथं राह्याचं हाय." मी म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं?" हे वाक्य मी म्हणालो. साऱ्या आयुष्यात त्याने मला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं, आणि मी त्याला हे म्हणालो. वहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "सांगा याले." त्या पुढे आल्या आणि त्याच्या शेजारी जुड्या बांधायला बसल्या. "त्यायनं सांगितलं ना भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मी रिकामी गाडी घेऊन परत आलो, आणि रागाने तीन शुक्रवार गेलो नाही. माझ्याजवळ त्याचे किती शुक्रवार उरले होते याचा हिशेब मला तेव्हा लागला असता, तर…

चौथ्या शुक्रवारी गेलो. तो निम्मा झाला होता. ताक आणि पेज, त्यातलंही अर्धं बाहेर यायचं. मी बसलो, पण माफी मागितली नाही. आमच्यात ती पद्धतच नव्हती. जरा वेळाने त्याने वहिनींना डबा आणायला सांगितला. त्यात बारीक, फिक्क्या पानाची एक शिल्लक होती. "मले तं नाही जमत आता. तू वढ. तिकून हवा येऊन राह्यली, तिकडं बस." मला नको होती. पण मी वाऱ्याच्या बाजूला बसलो आणि पेटवली. घाईघाईने दोन झुरके घेतले तसा तो हात हलवत म्हणाला, "हळू बे, हळू. तिले तापवू नको." धूर त्याच्याकडे जात होता. तो डोळे मिटून बसला होता, अगदी पूर्वीसारखा. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "काय लागते?" मी खरं सांगितलं, "धूर लागते." तो हसला. हसताना त्याला खोकला आला, मी पाठीवर हात ठेवला, तर हाताला नुसते मणके लागले. "तू पोटभर जेवून नाही आला," तो म्हणाला. खरोखरच मी जेवलो नव्हतो. अर्धी झाल्यावर त्याने माझ्या हातातून घेऊन दगडावर ठेवून दिली. त्यानंतरच्या बुधवारी वहिनींचा तो फोन आला.

तेरवीनंतर मी जायचं टाळत होतो. मग एकदा वहिनींनीच बोलावलं. वीजबिलाच्या नावात बदल करायचा होता. काम झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगू? येडी म्हनू नका. रोज चार वाजता मले त्याचा वास येते. त्या धुराचा. मी निंदत असते, अन् एकदम येते. मोटारीकून." त्या घाबरलेल्या नव्हत्या. मेथी महाग झाली असं सांगावं, तसं सांगत होत्या. "बसा, येईलच आता." मी पायरीवर बसलो. चार वाजले, सव्वाचार झाले. ओल्या मातीचा वास आला, मेथीचा आला, रस्त्यावरून एसटी गेली तिच्या डिझेलचा आला. दुसरा काही आला नाही. मी इतका खोल श्वास घेत होतो की छाती दुखली. वहिनी खुरपं हातात धरून माझ्याकडे पाहत होत्या. "आला ना?" त्यांनी विचारलं. "आला," मी म्हणालो.

त्यानंतर दर शुक्रवारी जातो. येतो का म्हणून त्या विचारतात, मी आला म्हणतो. गेल्या शुक्रवारी मात्र त्यांनी विचारलं नाही. माझ्यासाठी पाणी आणलं, समोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "मले आता यायचा बंद झाला भाऊजी. आठ दिवस झाले. लय बसली मी इथं, पन नाही आला." खरं सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुमाले येते ना पन? आज आला?"

मी डोळे मिटले आणि मिनिटभर थांबलो.

"आला," म्हणालो.

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि खुरपं घेऊन वाफ्यात गेल्या.