नारळासकट दिलेलं चित्र

"भिंत तुमची, चित्रही तुमचं. छापायचं झालं तर मात्र मला विचारायचं हं!" चित्र गिऱ्हाइकाच्या हातात देताना बाई हे म्हणणारच. शिवाय फ्रेमच्या मागं कुंकवाचं बोट आणि सोबत नारळ. मी म्हणायचो, "बाई, चित्र विकताय की मुलगी सासरी धाडताय?" त्या म्हणायच्या, "रडू सारखंच येतं. तुम्ही खिळे ठोका."

नाशकात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांची चित्रं माझ्याच दुकानात लागायची आणि इथूनच विकली जायची. अशी भांडकुदळ आणि तितकीच मायाळू माणसं तुमच्याही ओळखीत असतील. काच जराशी तिरकी बसली की माझा उद्धार व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यातून शेवभाजी यायची.

त्यांचं सगळ्यात लाडकं चित्र आईचं. आई येवल्याची, हातमागावर पैठणी विणणारी. धाग्यावर बोटं, चेहऱ्यावर खिडकीतला उजेड. ते विकायचं नव्हतंच. पण पैठणीच्या दुकानाचे एक शेठ येता-जाता त्याच्यापुढे उभे राहायचे. शेवटी बाई विरघळल्या. "साड्यांतला माणूस आहे, जपेल आईला." देताना फ्रेम पुन्हा पुन्हा पुसत बसल्या आणि नेहमीचं वाक्य राहूनच गेलं. नारळ तेवढा दिला.

दिवाळीच्या सुमारास बाईंनी माझ्या टेबलावर एक कागदी पिशवी आपटली. शेठच्या दुकानाची. तिच्यावर तेच चित्र, आईच्या गालावर चपलेचा ठसा. "बाजारात पडली होती. लोक तुडवत होते हो माझ्या आईला!" मी बाईंना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. माझंही डोकं फिरलं. बाईंना घेऊन तडक शेठकडे गेलो.

शेठ खरोखरच गोंधळले. "बाई, तुम्ही नारळासकट दिलंत. मला वाटलं, सगळंच दिलंत."

"लेक नारळ देऊन पाठवली, म्हणून तिचा फोटो गल्लोगल्ली वाटायचा का हो?"

शेठ म्हणाले, "विचारून सांगतो." मग एक दिवस स्वतःच माझ्या दुकानात आले, बाई चहा घेत बसल्या होत्या. "वकिलाला विचारलं. चित्र विकत घेतलं तरी छापायचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो म्हणे, तो वेगळा लिहून घ्यावा लागतो. उरलेल्या पिशव्या बाजूला काढल्यात. चुकलं माझं, बाई. आता रीतसर परवानगी द्याल का?"

मला वाटलं, आता याची काही खैर नाही. बाईंनी शांतपणे चहा संपवला.

"चेहरा नाही. नुसते हात छापा. आणि खाली नाव पाहिजे."

"तुमचं ना? टाकतो की!"

"माझं आणि आईचंही. जन्मभर विणलं तिनं, पण एका पदरावर तिचं नाव नाही."

बाई आता येवल्याला भावाकडे राहतात, तिथल्या विणकर बायकांची चित्रं काढतात. दुकानातलं त्यांचं स्टूल रिकामं दिसलं की मला करमत नाही, खरं सांगतो. परवा एक मुलगी लग्नाचा फोटो फ्रेम करायला आली. हातात शेठची नवी पिशवी, त्यावर मागावरचे दोन हात, खाली दोन नावं. "काका, यातली विणणारी कोण हो?" मी सांगितलं. तिनं पिशवीतली ओली द्राक्षं ओढणीत घेतली, पिशवी पुसली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

ती गेल्या गेल्या मी बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडत नाहीये मी. तुमच्या काचा सरळ बसतात का हल्ली?"