‘चिकोस’ म्हणजे कोण

लग्न होऊन बारामतीत आले तेव्हा माझ्या स्पॅनिशचं इथं काय करणार, असं सासरी सगळेच विचारायचे. पुढं लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्पेनहून मशीन आलं. ते बसवायला तिकडचा इंजिनिअर आला आणि दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं.

इंजिनिअर तिशीचा, मोकळ्या स्वभावाचा. सकाळी आल्या आल्या सगळ्या फिटरना ‘चिकोस’ अशी हाक मारायचा. एका तरुण फिटरनं मोबाइलवर अर्थ शोधला आणि मोठ्यानं वाचला, “पोरं.” बाकीचे हसले. सर्वांत जुने फिटर, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते पाना ठेवून बाहेर निघून गेले.

मी मागोमाग गेले. त्यांना सांगितलं, की लहान मुलाला तिकडं ‘निन्यो’ म्हणतात, जरा मोठ्या पोराला ‘मुचाचो’. ‘चिकोस’ मात्र म्हातारे मित्रसुद्धा एकमेकांना म्हणतात, आपण ‘मंडळी’ म्हणतो तसं.

तात्यांनी ऐकून घेतलं. ते बावड्याचे, माझ्यासारखेच बौद्ध घरातले. त्यांचे वडील म्हातारे झाले, तरी गावातली शाळकरी मुलं त्यांना ‘ए पोरा’ म्हणूनच बोलवायची.

“साहेब चांगला हाय, ताई,” ते म्हणाले. “तिकडं अर्थ काय बी असंल. हितं मला कुणी पोर म्हणायचं न्हाय.”

मी हे सगळं इंजिनिअरला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. आपली भाषा समजावत तो बसला नाही. काय म्हणू, एवढंच त्यानं विचारलं. दुसऱ्या दिवशी आल्यावर तो आधी तात्यांपाशी गेला आणि “तात्या, बुएनोस दीआस”, म्हणजे सुप्रभात, म्हणाला. तात्यांनी मान डोलावली आणि ते कामाला लागले. ‘त’ त्याला नीट जमला होता.

आठवड्याभरानं चहा पिताना तात्यांनी आपणहून विषय काढला. त्यांचा नातू इंदापूरला कॉलेजात होता. अशा वयाच्याला तिकडं काय म्हणतात? मी इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, “होवेन.” अनोळखी तरुणाला अदबीनं हाक मारायची असेल, तरी हाच शब्द चालतो.

तात्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. मग खिशातून फोन काढून नातवाला लावला.