फोटोतला रवा

किशोरी कुणकेश्वरहून रोज एसटीने यायची. कणकवलीच्या या दातांच्या दवाखान्यात माझी बावीस वर्षं गेली, तिला महिनासुद्धा झाला नव्हता, आणि डॉक्टर तिने काढलेला एक्स-रे पडद्यावर मोठा करून म्हणाले, "विमलाताई, बघा किती स्वच्छ आलाय. तुमच्या फोटोत रवा पडतो."

किरण कमी पडले की फोटोभर बारीक दाणे उठतात, तो रवा. मला काय ठाऊक नव्हतं? पण म्हातारं माणूस खुर्चीत बसलं की माझा हात आपोआप किरणांचा वेळ कमी करायचा. कशाला उगाच जास्त किरण द्यायचे? फिल्म होती तेव्हा ती औषधात जरा जास्त बुडवून मी निभावून न्यायची. या कॉम्प्युटरला बुडवायचं कुठे?

किशोरीला माया नाही, अंदाज नाही. तक्त्यातला वेळेचा आकडा लावायची, मशीनची नळी ठरल्या कोनात धरायची, की दर वेळी तसाच फोटो. वर स्वभावाने गरीब. डब्यातली सोलकढी आधी मला द्यायची. राग यावा असं तिने काही केलं नव्हतं, म्हणून तर जास्त यायचा. मी जळत होते, सरळ सांगते. त्यात डॉक्टर म्हणाले, एक्स-रेची खोली आता एकीच्याच हातात द्यायची. ती जाणार कोणाकडे, हे कळायला मला ज्योतिषी नको होता.

त्याच आठवड्यात देवगडचे हरिश्चंद्रकाका आले. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या दाढेच्या मुळाशी काळा डाग दिसला होता. तो आटला तर दाढ राहणार, वाढला तर काढायची. तेव्हाचा फोटो माझा होता. आताचा किशोरीने काढला.

"ह्या एका दाढेर माजा जेवाण चलता," काका म्हणाले. "होईत तितकी राखा."

दोन्ही फोटो शेजारी लावले. आताचा डाग मोठा दिसत होता. किशोरी माझ्याकडे वळली. "ताई, मागच्या खेपेक टायम कितको दिल्यात? नळी कशी धरल्यात? तसोच एक काढून बघूया."

मला सगळं आठवत होतं. वेळ निम्मा केला होता, नळी खालून धरली होती. माझ्या रव्यात डागाची कड बुडाली होती, म्हणून तो तेव्हा लहान दिसला. एवढं बोलले असते तर पुरे होतं. पण मग माझाच फोटो वाईट ठरला असता, तिच्यासमोर.

"आठवणा नाय गो," मी म्हटलं.

डाग वाढला असं धरून डॉक्टरांनी दाढ काढली. अर्धा तास झगडावं लागलं. हात धुताना ते हळूच म्हणाले, "चांगली घट्ट होती. मुळाशी हाड भरून येत होतं बहुतेक."

कापूस चावत काका बाहेर आले आणि माझ्याजवळ थांबले. "विमलान काढललो फोटो बरो होतो. ह्या चेडवान काढल्यान आणि दाढ गेली."

किशोरीने मान खाली घातली. मी काकांना पाणी दिलं.

सोमवारी डॉक्टरांनी "पेशंटचा विश्वास तुमच्यावर आहे" म्हणत एक्स-रेची खोली माझ्याकडे दिली. मी नको म्हटलं नाही.