पिन बसली, तरी टेलिस्कोप वाचला

मंडळी, आज संध्याकाळी बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शेजाऱ्यांना चंद्र दाखवायला टेलिस्कोप मांडला. तो फिरवणाऱ्या मोटरसाठी बॅटरी आणायला मी खाली गेले. परत येऊन बघते तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नातीच्या वाजवायच्या कीबोर्डचा अडॅप्टर आणून टेलिस्कोपला जोडलेला.

"अहो काका, हे काय?"

"पिन बरोबर बसली की. बारा व्होल्टचाच आहे, वाचून लावलाय."

बारा व्होल्ट खरंच होते. पण माझ्या टेलिस्कोपला पिनच्या मधोमध प्लस लागतो आणि या अडॅप्टरला तिथे मायनस. उलटा करंट गेला की आतलं सर्किट जळतं. गेल्या वर्षी आपल्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं असंच जळलं, तेव्हाच मी माझ्या टेलिस्कोपमध्ये डायोड बसवला. तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो.

सॉकेटशेजारी 'दुसरा अडॅप्टर लावू नये' अशी चिठ्ठीही आहे. काकांनी ती वाचली होती. म्हणाले, "मला वाटलं लहान मुलांसाठी असेल." वर म्हणाले, "पण तुझा टेलिस्कोप बिघडलाय बहुतेक. लाइटसुद्धा लागत नाही."

"बिघडला नाही काका. वाचलाय."

बॅटरी जोडली, मोटर फिरली आणि सगळ्यात आधी चंद्र काकांनीच पाहिला.

मी आता ठरवलंय. रविवारी ग्रुपमधल्या प्रत्येक टेलिस्कोपला डायोड बसवायचा. घेऊन या, सोल्डरिंग गन तापवून ठेवते.

तोवर खरं सांगा, तुमच्यापैकी किती जण नुसत्या चिठ्ठीच्या भरवशावर आहेत?